घाटावरची बहीण

काजवाल्या मावशींना बंगाली येतं, यावर सगळ्या गल्लीचा विश्वास होता. खरं तर लहानपणी शेजारी एक बंगाली कुटुंब वर्षभर राहिलं होतं, त्यातून मावशींच्या पदरात दहा-बारा शब्द पडले होते. बाकी सगळा आत्मविश्वास.

शिवणाच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं सदऱ्यांना काजं केली. त्या काळी कोपऱ्यावरच्या थिएटरात दर रविवारी सकाळी एक बंगाली रडका सिनेमा लागायचा. कारखान्यातल्या बायका मावशींना मधोमध बसवायच्या. मावशी गोष्ट सांगत आणि बायका पदर ओले करत. पुढचा कुणी "गप्प बसा हो" म्हणालाच, तर त्याचीच खरडपट्टी निघे.

आणि आता सूनबाईंनी हौसेनं त्याच सिनेमाची नवी डिस्क आणली. चित्र धुऊनपुसून लख्ख केलेलं, खाली आपल्या भाषेत ओळी.

"ओळी?" मावशींनी डिस्कचं खोकं उलटसुलट करून पाहिलं.

"हो ना, आई! आता तुम्हाला घसा कोरडा करायला नको. दुपारी सगळ्यांना बोलावलंय मी."

मावशींनी रिमोट उशीच्या अभ्र्यात कोंबला. तो पाच मिनिटांत सापडला. मग त्यांचं डोकं दुखायला लागलं, तर लगेच बाम हजर. गुणी सून असली की अशी पंचाईत होते.

हसं झालं असतं तर चाललं असतं. पण येणाऱ्यांत इस्त्रीवाली आणि तिची धाकटी बहीण होत्या. आईच्या शिलाई मशीनवरून दोघी त्या काळी नऊ वर्षं एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. सिनेमाच्या शेवटी नायिका नदीच्या घाटावर कोसळते, एक बाई येऊन तिला उठवते. मावशींनी सांगितलं होतं, "ही तिची बहीण. म्हणतेय, चल घरी, पुरे झाला हा अबोला." ते ऐकून धाकटी थिएटरातून तडक थोरलीच्या दारात गेली होती आणि अबोला सुटला होता. आणि ते वाक्य मावशींनी पदरचं घातलं होतं!

दुपारी खोली भरली. मावशींनी नायिकेचा दुष्ट दीर म्हणून सांगितलेला माणूस डॉक्टर निघाला, तेव्हा बायका खो-खो हसल्या. मावशी मात्र जीव मुठीत धरून बसल्या होत्या. शेवटी घाट आला. ती बाई आली. खाली ओळ उमटली: 'शेवटची होडी गेली. उठा, घाट बंद करायचाय.'

सगळ्या माना मावशींकडे वळल्या.

"म्हणजे मी," धाकटी सावकाश म्हणाली, "होडीच्या तिकीटवालीचं ऐकून ताईकडे गेले?"

"खोटं बोलले गं मी," मावशींना रडू फुटलं. "तू शेजारी बसून इतकी रडत होतीस, मला राहवलं नाही."

इस्त्रीवाली उठली. मावशींना वाटलं, आता निघून जाणार. ती सूनबाईंकडे वळली. "त्या ओळी बंद कर बाई. काही कळत नाही त्यांना. पहिल्यापासून लाव. मावशी, तुम्ही सांगा."

मावशींनी नाक पुसलं, घसा खाकरला आणि सुरुवात केली. डॉक्टर पुन्हा दीर झाला. पण घाट आला तेव्हा त्यांना तोंड उघडावंच लागलं नाही.

"चल घरी," दोघी बहिणी एकदमच म्हणाल्या, "पुरे झाला हा अबोला."