पांढऱ्यावर पांढरं

घरात तिला सगळे मोठी म्हणतात, गल्लीतली मुलं अळंबीकाकू. बाइंडिंगच्या दुकानात ती पुस्तकं शिवते आणि सुट्टीच्या दिवशी रानात, पडीक जागांत अळंबी शोधत फिरते. खाण्यासाठी नव्हे. देठ कापायचा, टोपी खालच्या पातळ पात्यांच्या बाजूनं कागदावर टेकवायची, वर काचेची वाटी पालथी घालायची. रातोरात पात्यांमधून बीजाणूंची भुकटी झरते आणि कागदावर ठसा उमटतो. तो ती पाकिटात घालून देते आणि कॉलेजातल्या मॅडम सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. त्यांच्या कपाटात मोठीची पाकिटं ओळीनं लागली आहेत, आणि घरात हे कुणाला विसरू द्यायचं नाही, याची ती काळजी घेते.

मग धाकट्या जावेला हा नाद लागला. नाद कसला, मोठीच्या मते नुसती नक्कल. आणि या नक्कल करणारीला, रानात पाऊल न टाकता, कपडे वाळत घालताना, मागच्या कुंपणाच्या कुजक्या खांबावर ती निळसर अळंबी सापडावी. मॅडम जिच्यासाठी कधीपासून डोळे लावून बसल्या होत्या आणि मोठीनं जिच्यापायी चपला झिजवल्या होत्या, तीच.

"ताई, हीच ना ती?"

"दिसतेय तशी," मोठी म्हणाली.

अळंबी एकच होती. धाकटीनं देठ कापला आणि कपाटातून कोरा पांढरा कागद घेतला. मोठी नेहमी अर्धा काळा, अर्धा पांढरा असा जोडकागद वापरते, कारण भुकटी कुठल्या रंगाची निघेल ते आधी कळत नाही. धाकटीला हे एकदा सांगून झालं होतं. पुन्हा सांगायला मोठी काही तिची शिकवणी घेत नव्हती. ती खाली मान घालून भाजी चिरत राहिली.

सकाळी वाटी उचलली. टोपी सुरकुतली होती, खाली कागद कोरा.

"काहीच नाही पडलं." धाकटीचा चेहरा उतरला. "माझ्या हातालाच गुण नाही."

"असतं एकेकाचं," मोठी म्हणाली आणि स्वतःच्या चहात जास्तीची साखर घातली.

दीर दाढी करता करता म्हणाला, "वहिनी, टोप्या तुमचंच ऐकतात. हिचं तर मीपण ऐकत नाही."

मोठी हसली. बऱ्याच दिवसांनी मनापासून.

धाकटीनं टोपी केरात टाकली आणि ओटा पुसायला तोच कागद उचलला. खिडकीच्या उजेडात तो तिरपा झाला आणि मोठीला दिसलं. पांढऱ्यावर पांढरं. एकेक पाती सुटी, कुठे फिसकटलेली नाही. इतका सुरेख ठसा तिच्या एकाही पाकिटात नव्हता. गप्प बसायला काहीच कष्ट नव्हते. धाकटीचा अंगठा ठशाकडे सरकत होता.

"हात काढ आधी," मोठी खेकसली. "डोळे आहेत की बटणं? तिरपा धरून बघ."

धाकटीनं बघितलं. मग दिवसभर येईल त्याला सांगत सुटली, "ताई नसत्या ना, तर केरात गेला होता हो." हे ऐकून घेणं मोठीला सगळ्यात जड गेलं.

संध्याकाळी पाकीट मोठीनंच केलं, कारण घडी तिलाच नीट जमते. जागा, तारीख, खांबाचं लाकूड, सगळं टपोऱ्या अक्षरांत लिहिलं. 'कोणाला सापडली' यापुढे पेन थबकलं. मग तिनं धाकटीचं नाव लिहिलं, पण इतकं बारीक, की ते वाचायलाही मॅडमना सूक्ष्मदर्शकच लागावा.