सरांची कंबर चार इंच उतरली तेव्हा

"सर, पँट देत नाही," मी म्हणालो.

वानखडे सर माझ्या दुकानात लुंगी लावून उभे होते. लुंगी माझी, पँट त्यांची, पण माझ्या हातात. रिसोडला हेडमास्तर म्हणून रिटायर झालेला माणूस. तीस वर्षं झाली, त्यांचे कपडे मीच शिवतो.

"काहून देत नाही? दोन टाके मारायले मुहूर्त पाह्यजे का?"

"दिवाळीत दोन इंच आत घेतली. आता आणखी दोन. उपास करून राह्यले का?"

"सकाळी फिरतो. फिट झालो मी."

"फिरता तुमी दहा वर्षांपासून. कंबर आताच कशी उतरली?"

मी मापाची वही उघडली. अडतीस, छत्तीस, चौतीस. गिऱ्हाईक खोटं बोलतं, टेप बोलत नाही.

हे मला शिक्षणाने कळलं नाही. मी चौथी पास. माझी बायको शांता तीन वर्षांमागं स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेली. तिचे ब्लाउज मी स्वतः तीनदा आत घेतले होते. वर म्हणालो होतो, जवान दिसून राह्यली. जन्मभर टेप गळ्यात घालून बसलो अन् घरचं माप कळलं नाही. ती गेल्यावर डॉक्टरांना विचारलं, आधी कसं समजलं असतं? ते म्हणाले, सगळ्यांनी करावी अशी सोपी टेस्ट नाही. पण पन्नाशीनंतर नव्यानं शुगर निघाली अन् वजन आपोआप उतरत असलं, तर तपासावं. बहुतेकांचं काही निघत नाही. एखाद्याचं वेळेत निघतं.

"सर, शुगर आहे का?"

सरांनी पंख्याकडे पाहिलं. "थोडी. यंदाच निघाली."

"मग पँट विसरा."

"चौथी पास टेलर मले डॉक्टरकी शिकवून राह्यला!" त्यांनी मोबाईल काढला अन् बायकोला दुसरी पँट घेऊन बोलावलं. तोवर पेपर मांडीवर पसरून बसले. दोन जुने विद्यार्थी पाया पडून गेले. लुंगीचं विचारायची कोणाची हिंमत झाली नाही.

वहिनी ऑटोने आल्या. मी वही दाखवली.

"जेवल्यावर पाठ दुखते म्हणतात," वहिनी म्हणाल्या. "मले वाटलं, माह्या स्वयंपाकाले नावं ठेवायचा बहाणा आहे."

"तू कोणाच्या बाजूची?" सर ओरडले.

"तुमच्याच." त्यांनी आणलेल्या पँटची पिशवी काखेत दाबली. "भाऊ, ती ढिली पँटच द्या त्याइले. डॉक्टरले पाहू द्या."

सर एका हाताने कंबर धरून दवाखान्यात गेले. वही वहिनींच्या हातात.

दोन दिवसांनी ऐटीत परत आले. "सोनोग्राफी साफ! घे आता आत."

"शांताचीबी साफच होती, सर."

सर खुर्चीवर बसले.

स्वादुपिंड जठराच्या मागं असते, कोटाला अस्तर असते तसं. पोटात गॅस असला तर वरून नीट दिसत नाही. या वेळी मीही सोबत गेलो. शांताला पाहणारेच डॉक्टर होते.

"आता टेलर पेशंट पाठवणार का?" ते म्हणाले.

"हो. सीटी स्कॅन लिहा."

ते हसले. मग वही पुन्हा पाहिली, शुगरचा रिपोर्ट पाहिला, अन् हसणं थांबवून सीटी लिहिला.

अकोल्यात औषध टोचून सीटी झाला. बोटाच्या पेराएवढी गाठ दिसली. नागपूरला तोंडातून नळी घालून आतूनच सोनोग्राफी केली अन् सुईने तुकडा काढला. कॅन्सरच होता. पण मोठ्या रक्तवाहिन्यांना भिडला नव्हता. काढता आला.

ऑपरेशनला सहा महिने झाले. केमो झाली. डॉक्टर अजून छातीठोक काही सांगत नाहीत, दर तीन महिन्यांनी बोलावतात. सर घरी आहेत. भाजीत मीठ कमी म्हणून भांडतात. हे सांगताना वहिनींचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

मला गाठ दिसत नाही, माप दिसते. मेहनत करून कंबर कमी केली असेल तर खुशाल या, आत घेऊन देतो. आपोआप झाली असेल तर आधी तपासून या. माझं दुकान दहाला उघडते. दवाखाना नऊला.