शेवटच्या पंगतीतल्या कुंदाताई

कुंदाताई लग्नाला गेल्या की शेवटच्या पंगतीलाच जेवायच्या. यजमान हाताला धरून पहिल्या पंगतीत बसवायला निघाला, तरी "माझा उपास हाय, सूर्य कलला की सोडीन" असं धादांत खोटं सांगून मंडपाच्या कडेची एक खुर्ची अडवून बसायच्या. शेवटापर्यंत जिलेबी संपलेली असायची, मठ्ठा पातळ झालेला असायचा आणि मंडपवाला टेबलं-खुर्च्या टेम्पोत चढवायला लागलेला असायचा. मग दमलेली घरची माणसं, वाढपी आणि कुंदाताई असे सगळे खाली सतरंजीवर बसून जेवायचे.

रोह्यात त्यांनी सारी हयात विम्याची एजन्सी केली. ती बंद केल्यावर गावातले पार्लरवाले, टेम्पोवाले, मसाले विकणाऱ्या बायका त्यांच्या ओटीवर सल्ल्याला येऊ लागल्या. भाच्याने हौसेने दारावर 'बिझनेस कोच' अशी पाटी लावली. कुंदाताईंनी त्या पाटीखाली मिरच्या वाळत घातल्या.

मी त्यांच्याकडे गेले ती अगदी नाक मुठीत धरून. दसऱ्याला पेणमध्ये फिजिओथेरपीचा दवाखाना उघडला होता. लोक पाटी वाचायचे आणि "इथं करंट देतात का?" असं विचारून पुढे जायचे. पनवेलच्या ज्या हॉस्पिटलमधली नोकरी मी सोडली होती, तिथल्या मॅडमनी सांगितलं होतं, "गुढीपाडव्यापर्यंत जागा ठेवते, मग दुसरी मुलगी घेईन." कुंदाताईंकडे येण्याआधी मी एका हॉटेलात धंदावाढीच्या शिबिरालाही जाऊन आले होते. तिथे दोनशे जणांनी मुठी वळून 'मी वाघ आहे' असं ओरडायचं होतं. मीही ओरडले. वाघ होऊन पेणला परतले, तर दवाखान्याच्या पायरीवर नेहमीचं कुत्रं झोपलेलं होतं आणि ते उठलंसुद्धा नाही.

कुंदाताईंची पद्धत साधी आणि निर्दय होती. दर गुरुवारी एकच काम सांगायच्या. ते झालं नसेल तर पुढचा सल्ला नाही आणि चहाही नाही. "मागलं शिळं संपव, मग ताजं वाढीन," म्हणायच्या आणि मला स्टेशनवर परत पाठवायच्या. रोह्याहून परतीची गाडी लवकर नसते. त्यामुळे जाताना कासू स्टेशन मागे पडलं की सांगितलेलं काम पुरतं झालंय ना, हे मी पुन्हा मनात तपासायचे.

पहिलं काम होतं, एका लग्नाला जाऊन यायचं. मी नवी कार्डं छापली आणि पहिल्याच पंगतीत ताटागणिक वाटली. हात धुऊन परत येते, तर डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली माझी चार कार्डं घडी करून सरकवलेली. कुंदाताईंना सांगितलं तर त्या पदर तोंडाला लावून हसल्या.

"टेबलाचं दुखणं तरी बरं केलंस," म्हणाल्या. "अगो, पयल्या पंगतीला पावणे असतात. जेवतात नि निघतात. ज्याच्या घरचं कार्य, तो शेवटी बसतो. त्याला सगळा गाव वळखतो, नि तो दमलेला असतो. दमलेला माणूस खरं बोलतो. तू कार्ड घरी ठेव. नुसती बस, नि कोण कसा उठतो ते बघ. बघितलंस की एकच विचारायचं, कधीपासून होतंय? मग गप बसायचं. तुझं शिक्षण कोणाला ऐकायचं नाय, त्यांना आपलं दुखणं सांगायचं हाय."

पेणजवळच्या जोह्याच्या एका लग्नाला त्या स्वतःच माझ्यासोबत आल्या. शेवटच्या पंगतीत समोर नवरीचे काका बसले होते, मूर्तिकार. सगळा उन्हाळा गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा माणूस. शेजारचं लोणचं घ्यायला ते मान वळवत नव्हते, अख्खे वळत होते. मी विचारलं, "कधीपासून होतंय, काका?"

"मान? ती गणपती गेले तेव्हापासून धरलीय. आमच्या कारखान्यात सगळ्यांचीच धरते, त्यात काय?" आणि काका बोलतच राहिले. मी मणक्यांवर व्याख्यान द्यायला तोंड उघडलं, तोच कुंदाताईंनी मला कोपराने ढोसलं. मी मठ्ठा प्याले. सोमवारी काका दवाखान्यात आले. पंधरवड्यात अर्धा कारखाना आला, त्यांच्या मागून शेतात वाकून वाकून कंबर गेलेल्या बायका आल्या. कुत्र्याला पायरी सोडावी लागली.

अशा किती पंगती आम्ही जेवलो. कुंदाताईंची एकच खोड मला कळत नसे. ताटं रिकामी होत आली की त्या म्हणायच्या, "जा गो, माझी चप्पल बघ, कोण घालून जाईल." मी चपला घेऊन यावं तोवर त्या उभ्या असायच्या. त्या झिजलेल्या चपला कोण नेणार होतं, देव जाणे.

पाडव्याच्या आधी मी पनवेलला फोन करून नाही म्हणून सांगितलं. कुंदाताईंना सांगायला रोह्याला गेले, तर त्यांनी चहा दिला, वर शिरा दिला आणि म्हणाल्या, "आता येऊ नको. तुझं काम झालं." मला वाईट वाटलं. दर गुरुवारची सवय झाली होती.

महिन्याभराने त्या दवाखान्यात आल्या. नंबर लावून सगळ्यांच्या शेवटी बसल्या. मी बोलवायला बाहेर आले, तशा म्हणाल्या, "चप्पल बघ गो माझी."

या वेळी मी हलले नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भिंतीला हात लावला, दुसरा उजव्या गुडघ्यावर दाबला आणि ओठ चावत उठल्या.

"कधीपासून होतंय?" मी विचारलं.

"तू पयल्यांदा आलीस त्याच्याही आधीपासून."

मला रागच आला. "मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते, तर तू माझाच गुडघा चोळत बसली असतीस. एक पेशंट मिळाला म्हणून खूश झाली असतीस, नि दुसरा शोधला नसतास."

मग त्या नेमाने येत राहिल्या. एकदा व्यायाम न करता आल्या, तेव्हा मी चहा न देता त्यांना परतीच्या गाडीला पाठवलं. स्टेशनपर्यंत हसत गेल्या.

यंदा त्या गेल्या, झोपेतच. तेराव्याला मी शेवटच्या पंगतीला बसले. ताटं रिकामी होत आली तशी मी सवयीने उठले आणि दारात चपला बघायला गेले. तिथे मला रडू फुटलं. डोळे पुसून मागे वळले, तर सतरंजीवर एक म्हातारी दोन्ही हात जमिनीला टेकून उठायला बघत होती. मी जाऊन तिला हात दिला.

"कधीपासून होतंय, आजी?" म्हटलं, आणि गप बसले.