साठ लिटर करपलेली राकिया

नोव्हा वारोशच्या वरच्या आळीत मिलोयकोला आता कोणी मिलोयको म्हणत नाही. 'रेडिएटर' म्हणतात. बेकरीत पाव घ्यायला गेला तरी काउंटरमागची पोरगी तोंडावर हात धरते. ज्यांच्या बुडाखालची खुर्ची त्याच्या हातची आहे, असे लोकही दात काढतात. त्याच्या खुर्चीवर बसून त्याचीच टर उडवायची, एवढी लाज आमच्या गावानं केव्हाच सोडली आहे.

मिलोयको खुर्च्या करायचा. बीच लाकडाचा सांगाडा तो करायचा आणि लव्हाळ्याची बैठक त्याची बायको रोसांदा विणायची. अंगणातल्या सुतारशाळेत खिडकीखाली तिची जागा होती. पंधरा वर्षं दोघं समोरासमोर बसून काम करत होते. मग मिलोयको राकिया, म्हणजे आमची आलुबुखाराची दारू, प्यायला लागला. थोडीथोडकी नाही, अकरा वर्षं प्यायला. रोसांदा सांगाडे उचलून स्वयंपाकघरात नेऊ लागली आणि तिथंच विणू लागली. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या बाटलीवर ती रोज पेन्सिलीनं बारीक रेघ ओढायची, आणि दारू रेघेखाली गेली की नवी ओढायची. मुलीच्या, यास्नाच्या, लग्नात हा वाजंत्र्यांच्या ढोलावर उताणा पडला, तेव्हा कुठं त्यानं कानाला खडा लावला. कुलदैवताच्या सणाची मेणबत्ती हातात धरून बायकोला म्हणाला, "सुतारशाळेच्या उंबऱ्याच्या आत राकियाचा थेंब येणार नाही. माझ्या पोटातही जाणार नाही." सहा वर्षं त्यानं हे पाळलं. चौथ्या वर्षी रोसांदानं बाटलीवर रेघा ओढणं बंद केलं.

पण ती सुतारशाळेत परत आली नाही. आता कारण दारू नव्हतं, थंडी होती. तिच्या बोटांचे सांधे सुजायचे. सुतारशाळेत पत्र्याची एक शेगडी होती. तिच्यापुढे बसलं की छाती भाजायची आणि पाठ काकडायची, आणि डिसेंबरात सरसाचं भांडंसुद्धा गोठायचं. एकदा मिलोयकोनं धीर करून विचारलं, "रोसा, परत खिडकीखाली बसशील का?"

"तू तिथं ऊब कर, मी येते," ती म्हणाली.

एवढंच. पण मिलोयको त्या वाक्यावर वर्षभर जगला.

जुनी शाळा पाडली तेव्हा त्यानं दोन खुर्च्यांच्या बदल्यात बिडाचे चार रेडिएटर मिळवले. बंद पडलेल्या धोबीखान्यातून लाकडावर चालणारा बंब आणला, भंगारातून पाइप आणले. जोडायला ओब्राद आला. ओब्राद कापडगिरणीत नळकाम करायचा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो मिलोयकोचा कुम. लग्नात डोक्यावर मुकुट धरताना शेजारी उभा राहिला तो, यास्नाला बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घेतलं तो. आमच्याकडे सख्ख्या भावाशी भांडता येतं, कुमाशी नाही.

पंप घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून पाइप उताराने बसवले. तापलेलं पाणी आपोआप वर चढेल, निवलेलं खाली येईल. फुगलेल्या पाण्याला जागा हवी, म्हणून छताच्या तुळईखाली एक मोठं पातेलं टांगलं आणि खालून त्याला पाइप जोडला. सणाला कोबीच्या पानांचे सार्मे शिजायचे तेच पातेलं. वर नुसतं झाकण. तीन आठवडे दोन म्हातारे एकमेकांना शिव्या देत राबले आणि काम खरंच देखणं झालं.

"आता भरायचं काय?" ओब्राद म्हणाला. "पाणी भरून चालायचं नाही. चार दिवस गावाला गेलास, बंब विझला, की बर्फ. बीड बिस्किटासारखं तडकेल."

"मोटारीत घालतात ते निळं औषध घालू."

"साठ लिटर? त्यापेक्षा गाय घे आणि इथं बांध. तीही ऊब देते, वर दूध." मग त्यानं दाराकडे बघितलं आणि आवाज उतरवला. "माझ्याकडे एक वस्तू आहे. पण बाहेर बोललास तर मी मेलो समज."

त्या वर्षी ओब्रादची राकिया करपली होती. आलुबुखाराचा लगदा भट्टीवर असताना सारखा ढवळावा लागतो. ओब्राद ढवळता ढवळता पेंगला, लगदा तळाला लागला आणि सगळ्या मालाला करपट वास बसला. आमच्याकडे माणसाची बायको पळून गेली तर लोक हळहळतात. राकिया करपली तर हसतात, आणि पिढ्यानपिढ्या हसतात. म्हणून ओब्रादनं साठ लिटर माल तळघरात पोत्यांखाली लपवला होता.

"कुत्रंसुद्धा तोंड लावणार नाही," तो म्हणाला, "पण ताकद पुरेपूर आहे. उणे पंचवीसलाही गोठायची नाही."

"मी रोसाला शब्द दिलाय, ओब्राद. इथं थेंब यायचा नाही."

"अरे तू कुठं पिणार आहेस? पाइप पिणार आहेत."

रोसांदा त्या आठवड्यात बहिणीकडे गेली होती. मिलोयकोनं तोंडाला फडकं बांधून सहा कॅन एकामागून एक ओतले. ती आल्यावर सांगू, असं त्यानं ठरवलं होतं. ती आली, बंब पेटलेला होता, चारही रेडिएटर गरम होते. तिनं एकावर दोन्ही तळवे ठेवले आणि डोळे मिटून घेतले. अशा वेळी कोण सांगेल? त्यानं नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून रोसांदा खिडकीखाली बसली. सतरा वर्षांनी. ती लव्हाळा ओला करून पीळ द्यायची, तो समोर रंधा मारायचा. दुपारी ती पावावर साय आणि खारवलेली मिरची घालून द्यायची आणि रेडिएटरवर ठेवलेला चहा दोघं प्यायचे. त्या दिवसांत मिलोयको सुखी होता, आणि हे त्याला त्याच वेळी कळत होतं.

पण खोलीत वास येऊ लागला. आधी हलकासा, मग रोजचा. मिलोयकोच्या सदऱ्याला, टोपीला, केसांना वास. उबेतून बाहेर आला की त्याचे गाल लाल व्हायचे. रोसांदा दारात त्याचा कोट काढून घ्यायच्या निमित्तानं जवळ यायची आणि श्वास आत ओढायची. तो ओळखून होता. महिनाभरानं तिनंच तोंड उघडलं.

"किती दिवस चाललंय?"

मग त्यानं सगळं सांगितलं. तिनं विश्वास ठेवला नाही. त्यानं हवा सोडायची चावी आणून रेडिएटरच्या टोकाला लावली, वाटीत चार थेंब काढले. तिनं हुंगलं. करपट, पण राकियाच. ती स्टुलावर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं रे?"

"रागावशील म्हणून."

"मग आता काय खूश झालेय? उठ, काम कर."

प्रकरण मिटलं असं त्याला वाटलं. फक्त तुळईखालच्या पातेल्यातली पातळी दर आठवड्याला उतरायची. कुठून तरी पाझरत असेल म्हणून त्यानं सगळे सांधे तपासले, कोरडे होते. मग दर शनिवारी तो शिडी लावायचा आणि बादलीनं पाणी घालायचा. रोसांदा खालून शिडी धरायची.

जानेवारीत यास्नाच्या सासरी कुलदैवताचा सण होता. दोघं चार दिवस क्रागुयेवात्सला गेले. त्या चार दिवसांत आमच्याकडे पारा उणे चोविसावर गेला. परत आले तेव्हा दोन रेडिएटर उभे चिरले होते, जमिनीवर बर्फाची जाड लादी जमली होती आणि रोसांदाचा भिजत ठेवलेला लव्हाळा तिच्यात गोठून बसला होता.

ओब्राद धावत आला. मागोमाग अर्धी आळी आली, कारण दुसऱ्याचं तडकलेलं बघायला आमच्याकडे सगळ्यांना सवड असते. शेजारच्या खाटकानं बर्फाचा तुकडा फोडून चघळला.

"हे तर पाणी आहे," तो म्हणाला. "ओब्राद, तू तर म्हणाला होतास, असलं काही घातलंय की सैबेरियातही गोठणार नाही?"

सगळे ओब्रादकडे बघू लागले. ओब्रादचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला.

"राकिया घातली होती," तो म्हणाला. "माझी. साठ लिटर."

"करपलेली होती का काय?" कोणीतरी टोमणा मारला.

"करपलेली तुझ्या बापाची! एक नंबर माल होता, कुमासाठी दिला. ती राकिया गोठूच शकत नाही. मी राकिया दिली आणि आता पाणी निघतंय, तर मी काय करू?"

"मग गेली कुठं?" खाटीक म्हणाला आणि मिलोयकोकडे बघितलं. मग एकेकानं बघितलं. एकजण म्हणाला, "नळच आहे की घरात. उघडायचा आणि प्यायचा," आणि हशा पिकला. "पण कमी झाल्याचं कळलं असतं ना!" खाटीक म्हणाला. "त्यात पाणी कोण घालत होतं?"

"तोच घालत होता," रोसांदा म्हणाली. अगदी हळू. "दर शनिवारी. शिडी मी धरत होते."

मिलोयकोला एकच वाक्य बोलायचं होतं: माल करपलेला होता, कुत्र्यानं तोंड लावलं नसतं. त्यानं ओब्रादकडे बघितलं. ओब्राद बुटाच्या टोकानं बर्फ खरवडत होता. चार लोकांत कुमाला खोटं पाडायचं नाही, हे मिलोयको आईच्या मांडीवर शिकला होता. त्याचं गप्प राहणं हेच सगळ्यांनी कबुली म्हणून धरलं. 'रेडिएटर' हे नाव त्याच दुपारी पडलं.

लोक गेल्यावर रोसांदानं स्वयंपाकघरात विचारलं, "प्यायलास?"

"नाही. माल करपलेला होता, रोसा. तुला ठाऊक आहे. तू वास घेतलायस."

"तू करपलेलीही प्यायला आहेस, अंगाला लावायचं कोलोनसुद्धा प्यायला आहेस. मग तिथं का नाही बोललास?"

"कुम आहे तो."

"आणि मी कोण?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती यास्नाकडे गेली. थोडे दिवस, म्हणाली.

फेब्रुवारीभर मिलोयको चिरलेले रेडिएटर बाजूला काढत बसला. पातेलं खाली घेतलं तेव्हा झाकण त्याच्या हातात आलं. झाकणाच्या आतल्या बाजूला चिकट तांबूस पुटं होती. वरची तुळई काळपट झाली होती. त्यानं नाक लावलं. आलुबुखार. करपलेलं आलुबुखार, लाकडात मुरलेलं. तेव्हा त्याला उलगडलं. जन्मभर भट्टीशेजारी बसलेला माणूस! राकिया तापली की तिच्यातला अर्क वर उडून जातो आणि मागं पाणी राहतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. त्याच एका गोष्टीवर तर भट्टी चालते. आणि दोन म्हाताऱ्यांनी तीन आठवडे खपून तीच भट्टी मांडली, फक्त अर्क धरायची नळी लावायची विसरले. तीन महिने राकिया छताला जात होती, आणि जेवढी उडेल तेवढं पाणी तो स्वतःच्या हातानं वरून घालत होता.

तो ओब्रादकडे गेला. ओब्रादनं सगळं ऐकलं, मान हलवली. "असेल तसं," म्हणाला. "पण आता कशाला उकरून काढतोस? लोक विसरतील." आणि कॉफी विचारली. मिलोयको कॉफी न घेता उठला. त्यानंतर तो त्या घरात गेलेला नाही.

मार्चमध्ये रोसांदा आपले उन्हाळ्याचे कपडे आणि विणायची सळई न्यायला आली. सळई सुतारशाळेत होती. आत आली तेव्हा पत्र्याच्या शेगडीवर एक पसरट भांडं होतं आणि शेजारी पाहुण्यांची बाटली. बाटली उघडलेली. ती दारातच थांबली.

"ये ना," मिलोयको म्हणाला. "एक तास बस. एकच. मग जा."

त्यानं भांड्याच्या आतून पेन्सिलीनं रेघ ओढली होती, बाटलीवर ती ओढायची तशीच. बाटलीतली सगळी लिटरभर राकिया मंद तापत होती. रोसांदा खिडकीखाली आपल्या जागेवर बसली, कोट न काढता. खोलीत वास भरला. दोघं भांड्याकडे बघत बसले. तासाभरात पातळी रेघेच्या दोन बोटं खाली गेली. त्यानं चमच्यानं थोडं काढून तिच्यापुढं धरलं. तिनं चाखलं.

"पाणी," ती म्हणाली.

"पाणी," तो म्हणाला. "मी प्यायलो नव्हतो, रोसा. एक थेंब नाही. सहा वर्षं."

"कळलं."

"मग?"

"मिलोयको, त्या दिवशी हसले ना मी, वाटीतला वास घेऊन? तरी दुसऱ्या दिवशी तुझ्या तोंडाचा वास घेतला. तिसऱ्या दिवशीही. घर सोडेपर्यंत रोज. तू झोपलास की वाकून घ्यायचे. बाटलीवर रेघा ओढायचं सोडलं तेव्हा मला वाटलं, ते दिवस संपले. नव्हते रे संपले. तू पीत होतास की नव्हतास, माझं तेच चाललं होतं." तिनं खुंटीवरची सळई घेतली. "तिकडं रात्री झोप लागते मला."

"मी परत ऊब करीन. नुसतं पाणी घालीन. दोन रेडिएटर धड आहेत."

"कर," ती म्हणाली. "तुलाही थंडी बाधते."

तिनं जाताना दार नीट लावून घेतलं, ऊब जाऊ नये म्हणून. फाटकाचा आवाज आला, मग बसचा.

मिलोयकोनं भांडं खाली उतरवलं. सहा वर्षांत त्याला राकिया इतकी प्यावीशी कधी वाटली नव्हती. त्यानं ते दोन्ही हातांनी उचललं आणि तोंडाला लावलं. नुसतं कोमट पाणी होतं.