सहस्रकुंडाच्या उन्हातली अंबिका

इस्लापूरच्या सुदाम फोटोग्राफरनं लोकांची लग्नं-बारशी टिपून संसार केला, पण त्याचा जीव गुंतला होता सहस्रकुंड धबधब्याच्या खडकात. उन्हाळ्यात पैनगंगेची धार आटली, की पाण्यानं कोरलेली काळीभोर घळ उघडी पडायची. सकाळचं तिरपं ऊन आत शिरलं, की जेमतेम अर्धा तास एकेक कडा, एकेक रांजणखळगा उठून दिसायचा. ऊन वर चढलं, की सगळं सपाट. त्या अर्ध्या तासासाठी सुदाम बायकोला, अंबिकाला, सायकलवर मागं बसवून झुंजुमुंजू व्हायच्या आत निघायचा.

घळीची खोली कळावी म्हणून तो तिला दूर, पार तळाशी उभी करायचा.

“अजून मागं सर. हां, तिथंच!”

“ओ, मी काय मुंगी हाय का? एखादा तर जवळून काढा की!”

“काढू गं. ऊन चाललंय, हलू नको.”

ते काढणं राहूनच गेलं. तीस उन्हाळे असेच सरले.

दोन वर्षांपूर्वी अंबिका काविळीनं आठ दिवसांत गेली. भिंतीवर लावायला फोटो शोधला, तर गावाचे चेहरे टिपणाऱ्याच्या घरात बायकोचाच एक धड फोटो निघेना. सुदामनं जुन्या निगेटिव्ह काढल्या, तिचा चेहरा मोठा करत गेला. जितका मोठा करावा, तितका तो वाळूसारखा विस्कटायचा. शेवटी हात टेकून तो लेकीपुढं ढसाढसा रडला.

लेक पुनम बापाला म्हणाली, “दादा, राहू द्या आईला एवढुशीच. अख्खा फोटो लावू.”

तेराव्याला भिंतीवर घळ लागली. काळ्या कड्यांवर कोवळं ऊन, तळाशी हिरव्या लुगड्याचा ठिपका. निलंग्याहून अंबिकाची थोरली बहीण दानम्मा आली होती. तिला डोळ्यांनी कमी दिसायचं.

“सुदामराव, माजी बहीण कुठं हाय यात?”

त्यानं तिचं बोट धरून काचेवर टेकवलं. “हितं. उन्हात उभी हाय बगा.”

दानम्मानं चाचपडत त्याच जागी कुंकू लावलं. मग सुदाम तिच्याजवळ बसून, तो फोटो काढला त्या सकाळचं सांगू लागला. अंबिकाची एक चप्पल खळग्यातल्या पाण्यात पडली होती, तरी ऊन सरेपर्यंत ती जागची हलली नव्हती.