व्याह्यांना परवडलेले बावीस वैमानिक

काटकसरी माणसं मी जन्मभर पाहत आले आहे. माहेर कोकणातलं, त्यामुळे या विषयातलं माझं शिक्षण घरच्या घरीच झालं. पण आमच्या व्याह्यांसारखा माणूस उभ्या महाराष्ट्रात दुसरा नसेल, हे मी छातीठोकपणे सांगते. देवाने उद्या श्वासाचं बिल पाठवायला सुरुवात केली, तर त्यातल्या दोन चुका काढून ते साभार परत करणारा पहिला माणूस म्हणजे आमचे व्याही. आणि हेही सांगते, की त्यांना कंजूष म्हणाल तर मी भांडायला उठेन. कंजूष माणसाच्या हातून पैसा सुटत नाही. यांचा हात तसा सैल आहे, फक्त काही वाया गेलेलं दिसलं की यांच्या पोटात दुखतं. उरलेली चटणी, रिकामी खुर्ची, उगाच चालू असलेला पंखा, सगळ्याने सारखंच दुखतं.

याला कारण त्यांची नोकरी. ते एका स्वस्त तिकिटांच्या विमान कंपनीत आहेत, आणि तिथेही खर्चावर नजर ठेवणाऱ्या खात्यात. बाकीच्या ऑफिसला ते खातं सासूसारखं वाटतं म्हणे. विमानातलं मासिक पातळ झालं ते यांच्यामुळे, आणि पुढे ते मुळातच बंद झालं तेही यांच्यामुळे. खाण्याची ट्रॉली यांनी हलकी केली, जवळच्या फेरीला हात धुण्याच्या टाकीत अर्धंच पाणी भरायला लावलं. ‘‘विहीणबाई, आकाशात प्रत्येक किलोला इंधन लागतं,’’ हे वाक्य मी सोयरीक जमल्यापासून इतक्यांदा ऐकलंय, की जिना चढताना मला पर्समधली चिल्लर जड वाटायला लागली.

पहिल्यांदा आम्ही त्यांच्या खारघरच्या घरी गेलो तेव्हाच मला अंदाज यायला हवा होता. पोरांचं आधीच जमलेलं, आम्ही आपले रीतीप्रमाणे मुलगी बघायला निघालेलो. घर दोघांचंच, बाप आणि लेक. आई मुलीच्या लहानपणीच गेलेली. आदल्या दिवशी व्याह्यांचा फोन आला. मला वाटलं, काही देण्याघेण्याचं असेल. तर म्हणाले, ‘‘चहा किती, कॉफी किती? पोह्यांत दाणे कोणाकोणाला चालतात? दात कोणाचे दुखतात का?’’ मी हसत हसत सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सहा माणसांना सहा बश्या, ज्याला हवे त्याला दाणे, नको त्याला नाहीत, कढईत एक शीत शिल्लक नाही. सगळं छान चाललं होतं, पण आमच्या ह्यांना अचानक चहाऐवजी कॉफीची हुक्की आली. व्याही हात जोडून, अगदी मनापासून वाईट वाटून म्हणाले, ‘‘काल बोलला असतात तर!’’ आणि ह्यांच्यापुढे चहाच ठेवला. परतताना हे गाडीत म्हणाले, ‘‘माणूस सरळ आहे.’’ मी म्हटलं, ‘‘सरळ कसला, फूटपट्टी आहे.’’

लग्नात तर कहर झाला. बुफेत लोक ताटं भरून टाकून देतात म्हणून पंगतच हवी, हा त्यांचा हट्ट. पंगत म्हटल्यावर आमच्याकडची म्हातारी मंडळी खूश झाली. कुणाला काय माहीत पुढे काय वाढून ठेवलंय! यांच्या कंपनीत विमान उतरलं, की अर्ध्या तासात झाडून पुसून नवी माणसं बसवून ते परत उडवतात. उभं विमान म्हणजे तोटा. तोच न्याय त्यांनी पंगतीला लावला. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत ते दाराशी उभे, आणि त्यांचे चार भाचे पानं उचलायला तयार. माझी मोठी जाऊ जिलबीवाल्याला हाक मारायला जागेवरून उठली. दोन पावलं गेली असेल नसेल. परत येऊन बघते तर तिच्या जागी मुलीकडचे कुणी आजोबा स्वच्छ पानावर वरणभात कालवतायत! ‘‘तुझ्या व्याह्यांनी मला भरल्या पानावरून उठवलं,’’ असं ती अजून सांगते. मी कधी तिला तू आपणहून उठली होतीस असं सुचवत नाही, कारण मलाही शांतपणे जगायचं आहे.

त्यांच्या सोसायटीतल्या लोकांची तर मला कीवच येते. व्याही लिफ्टमध्ये शिरले की दार धरून उभे राहतात. ‘‘एकट्यासाठी लिफ्ट नेणं म्हणजे रिकाम्या खुर्च्या घेऊन उडणं,’’ हे त्यांचं म्हणणं. खाली कुणी दिसलं की, ‘‘या, या, अजून तिघांची जागा आहे!’’ दूधवाला येईपर्यंत, शाळेची बस येईपर्यंत माणसं आत ताटकळतात. एकदा तिथला सेक्रेटरी मला म्हणाला, ‘‘काकू, तुमचे व्याही राहायला आल्यापासून आमी सगळे जिन्यानेच जातो. माझी शुगर कंट्रोलमध्ये आली, बोला!’’

अशा या माणसाने आयुष्यात एकच खर्च डोळे मिटून केला, तो म्हणजे लेकीच्या विमान शिकण्याचा. साताऱ्याकडची जमीन विकली, आणि कुणाला कानोकान खबर लागू दिली नाही. मुलगी हुशार, परीक्षा भराभर पास झाली, हातात परवाना आला, आणि मग तिच्यासारख्या सगळ्याच पोरांचं होतं तसं तिचंही झालं. परवाना आहे, पण विमान नाही. लग्न होऊन ती ऐरोलीला आमच्याकडे आली तेव्हा एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवत होती. आमच्या मजल्यावरच्या बायका विचारायच्या, ‘‘सुनेला अजून विमान लागलं नाही का हो?’’ जसं काही लॉटरीतलं घर लागायचं होतं. मला राग यायचा, पण त्यांचंही चूक नव्हतं. प्रकार तसाच होता. एका आठवड्यात मोबाईलवर बातमी, की भरती निघणार. पुढच्या आठवड्यात बातमी, की थांबली. कारण काय, तर विमानं आली नाहीत. विमानं का नाहीत, तर इंजिनं नाहीत. सून मला समजावून सांगायची, ‘‘आई, इंजिनं आली की विमानं, विमानं आली की पायलट.’’ त्या वर्षी गणपतीपुढे मी हात जोडून इंजिनं मागितली. बाप्पासुद्धा क्षणभर गोंधळला असेल.

आणि बाप्पाने ऐकलं. आपलं नवं विमानतळ सुरू झालं, व्याह्यांच्या कंपनीने तिथून उड्डाणं करायची ठरवली, आणि त्यासाठी नव्या वैमानिकांची भरती निघाली. म्हणजे नोकरी मिळाली तर घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर! सुनेने अर्ज केला. लेखी झाली, मुलाखत झाली, सिम्युलेटर म्हणजे ते जमिनीवरचं खोटं विमान असतं त्यातली परीक्षाही झाली. गुणवत्ता यादी लागली. तिचा नंबर तेविसावा. आता कंपनी यादीतले किती घेते, एवढाच प्रश्न उरला होता. एकेका नव्या पायलटला तयार करायला महिनोन्महिने लागतात, खर्च अफाट. तेव्हा किती जण परवडतात, याचा हिशेब करून द्या, असा हुकूम निघाला. तो कुणाच्या टेबलावर आला असेल, हे सांगायला नको. व्याह्यांनी साहेबांना स्पष्ट सांगितलं, की माझी मुलगी यादीत आहे, हे काम दुसऱ्या कुणाला तरी द्या. साहेब हसून म्हणाले, ‘‘तुमच्यापेक्षा कमी आकडा दुसरा कोण देणार?’’ आणि फाईल तिथेच ठेवून गेले.

रविवारी सकाळी व्याही आमच्याकडे आले. दारातच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. सोफ्याच्या कडेवर बसले आणि म्हणाले, ‘‘बावीस.’’

‘‘काय बावीस?’’

‘‘बावीस परवडतात. काल आकडा दिला, साहेबांनी सही केली.’’

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा मी आवाज चढवला. व्याही आहेत, मान ठेवायचा असतो, सगळं विसरले. ‘‘अहो, तेविसावी तुमची पोटची पोरगी आहे!’’

‘‘म्हणून तर तीनदा मोजलं, विहीणबाई. एकदा वाटलं चुकलो असेन. नाही चुकलो.’’

‘‘एका माणसाने तुमची कंपनी बुडणार होती?’’

‘‘बुडणार नव्हती. पण मी बावीसच्या जागी तेवीस लिहिलं असतं तर तो माझा आकडा राहिला नसता.’’

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. मला वाटलं, आता ही फुटणार. ती पुढे आली, बापासमोर बसली आणि विचारलं, ‘‘बाबा, सिम्युलेटरचे तास कसे धरलेत?’’ त्यांनी सांगितलं. तिने आणखी दोन-तीन प्रश्न विचारले, त्यांनी उत्तरं दिली. माझा मुलगा आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. शेवटी ती म्हणाली, ‘‘मग बरोबर आहे, बावीसच येतात.’’ उठली, बाथरूममध्ये गेली आणि नळ पूर्ण सोडला. बराच वेळ पाणी वाहत होतं. नळ टपकला तरी हातातला घास ठेवून उठणारे आमचे व्याही तो आवाज ऐकत मान खाली घालून बसून राहिले. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

पुढे कितीतरी दिवस मी त्यांच्याशी अबोला धरला. विहीण आहे मी, रुसायचा हक्क आहे माझा. ते आले की मी आत, चहा ह्यांच्या हाती बाहेर. संक्रांतीचा तिळगूळसुद्धा मुलाबरोबर पाठवला, आणि गोड बोला हे त्यालाच सांगायला लावलं. व्याही बिचारे दर वेळी विचारायचे, ‘‘विहीणबाईंची तब्येत?’’ हे सांगायचे, ‘‘उत्तम आहे, फक्त तुमच्यावर रुसली आहे.’’

मग हैदराबादच्या एका कंपनीने सुनेला घेतलं. तिथे यादी-बिदी काही नव्हतं, परीक्षा झाली आणि पत्र आलं. घरात नुसता आनंदीआनंद! मुलाचं काम कॉम्प्युटरवरचं, त्याने ऑफिसला सांगून बदली करून घेतली, आणि दोघं बिऱ्हाड हलवून तिकडे गेली. व्याह्यांनी सोसायटीत पेढे वाटले, घरटी पाव किलो. तो सेक्रेटरी मला फोन करून विचारत होता, की काकांचं सगळं ठीक आहे ना. मीही मग अबोला सोडला. किती दिवस धरणार! आणि खरं सांगायचं तर पोरं गेल्यावर बोलायला तरी कोण होतं?

पण माणूस बदलतो थोडाच? आता त्यांना त्या दुसऱ्या कंपनीची काळजी लागली. ‘‘विहीणबाई, ते वैमानिकांना गरम जेवण देतात हो! अशाने किती दिवस टिकणार?’’ रोज लेकीला फोन, की धावपट्टीवरून जागेवर येताना एकच इंजिन चालू ठेवता की दोन्ही? गाडी न्यायला येते ती एकेकाला वेगळी येते का? तिला इतक्या सूचना, की तिने एकदा मलाच फोन करून सांगितलं, ‘‘आई, बाबांना आवरा.’’ मी त्यांना म्हटलं, ‘‘व्याहीबुवा, पगार एका कंपनीचा खाता आणि काटकसर दुसरीची करता, शोभतं का हे?’’ ते गंभीरपणे म्हणाले, ‘‘माझी मुलगी आहे तिथे. ती कंपनी बुडता कामा नये.’’

अलीकडे ते रविवारी दुपारी ऐरोलीला येतात. आमचे हे जेवून झोपतात, मग आम्ही दोघं बसतो. परवा असेच बसलो असताना ते म्हणाले, ‘‘त्या बावीसातली पोरं आता आपल्या विमानतळावरून उडतात. परवा ऑफिसात एक भेटला, नेरूळचाच आहे. जेवायला घरी जातो म्हणाला.’’ मग खिशातून मोबाईल काढून त्यांनी मला दाखवला. हैदराबादचं तिकीट होतं, पुढच्या शनिवारचं. सुनेच्या कंपनीचं, आणि चांगलंच महाग.

‘‘अहो, हे काय?’’ मी म्हटलं, ‘‘तुमची कंपनी तुम्हाला फुकट नेते ना हैदराबादला?’’

‘‘नेते की.’’

‘‘मग?’’

ते मोबाईलवरचं तिकीट बोटांनी मोठं करून बघायला लागले. इतके दिवस ज्या माणसावर मी रुसले होते त्याच्या डोक्यावरून हात फिरवावा असं वाटलं. पण व्याही पडले, कसा फिरवणार?

‘‘आमच्या विमानात ती नाही ना, विहीणबाई,’’ ते म्हणाले.