पाचवं चित्र

माझी मैत्रीण सुनंदा गेल्याचा तिच्या यजमानांचा फोन आला, तेव्हा मी उल्हासनगरला कॉलेजात कवितेच्या तासाला निघाले होते. त्याला आता दीड महिना झाला. लाज वाटते, पण सांगून टाकते… रडू यायच्या आधी मला हायसं वाटलं. माझ्याबद्दल तिला जे कळलं होतं, ते आता कुणी बोलणार नव्हतं.

ती मानसतज्ज्ञ. अंबरनाथच्या कारखान्यांत नोकरीला येणाऱ्यांच्या चाचण्या घ्यायची. एक धूसर चित्र दाखवायचं, त्यावर गोष्ट सांगायला लावायची आणि गोष्टीवरून माणूस ओळखायचा. मी मराठी शिकवते. कवितेत कवीला शोधू नका, हे सांगून सांगून माझा घसा बसलेला. यावरून आमचं कडाक्याचं वाजायचं. "मग एकदा बस ना टेस्टला. घाबरली काय मॅडम?" बोलण्यात गुंडाळायला ती पटाईत. मी बसले.

पाचव्या चित्रात दाराशी पाठमोरी बाई होती. मी बोलून गेले, ही घरातल्या कुणालाच ओळखत नाहीये, पण ओळखतेय असं दाखवतेय. सुनंदाचं पेन थांबलं. तिने चित्रं आवरली.

"काय निघालं गं?"

"काही नाही. चहा टाकते."

माझी आई शेवटी भ्रमिष्ट झाली होती, आम्हाला ओळखेनाशी. सुनंदाला ते ठाऊक होतं. तेच तिला माझ्यात दिसलं, असं मी धरून चालले. पुढची नऊ वर्षं किल्ली सापडली नाही तरी मला घाम फुटायचा. सुनंदाकडे जायचे, पण एखादं नाव आठवलं नाही की विषय बदलायचे, नजर चुकवायचे. "माझ्याशी काही बिनसलंय का तुझं?" तिने एकदा विचारलं. मी हसण्यावारी नेलं.

तेराव्यानंतर मांजर्लीला तिच्या घरी गेले. यजमानांनी एक लिफाफा हातात ठेवला. "तुमचा आहे. मागच्या पुरात पाणी जिन्यापर्यंत आलं, तेव्हा तिने आधी हा वर नेला." मी तो तिथेच उघडला. आत तिच्या अक्षरात माझी गोष्ट होती, आणि खाली अर्थाच्या रकान्यात दोनच वाक्यं: 'लावला नाही. मैत्रीण आहे.'

नऊ वर्षं मी तिच्याशी हातचं राखून वागले. माणसं ओळखणं हेच तिचं काम, तिला ते दिसलं असणारच. त्याचा तिने काय अर्थ लावला असेल?